अव्वाचा दुसरा फोन

१३ जुलै, रविवार

इथं मराठी बोलायला कुणी नाही म्हणून आज ही वही काढली. नळदुर्गच्या खताच्या दुकानाची डायरी. येताना वैनीनं पिशवीत टाकली होती. म्हणली, "भावजी, तिथं वाळवंटात भांडणार कुणाशी? हिच्याशी भांडा." तेव्हा हसलो होतो.

सातवी पास, आठवी नापास, त्यामुळं अक्षर कोंबडीच्या पायाचं. पण वाचणार कोण आहे?

जैसलमेरच्या पलीकडं आहे मी. नजर जाईल तिथपर्यंत सोलर विजेच्या काचेच्या प्लेटा, आणि त्या धुवायचं काम. ऊन चढायच्या आत धुवायच्या, काच तापल्यावर पाणी मारलं की तडकते. म्हणून तीनला उठायचं. पाण्याचा टँकर ओढणारा ट्रॅक्टर अमरसिंह चालवतो. तो इथलाच आहे, वयानं बापासारखा, आणि दिवसातनं चार वाक्यं बोलतो. पुण्याच्या हॉटेलात मी टिकलो नाही, हैदराबादला फरशीच्या कामावर टिकलो नाही. इथं टिकतोय, कारण इथनं पळायचं म्हणलं तरी लई लांब चालावं लागतं.

जीव सगळा गावाकडं, जळकोटात. अव्वाला, माझ्या आईला, साखरेचा आजार. संक्रांतीला पायाच्या बोटाची जखम चिघळली तेव्हा डॉक्टरनं इन्सुलिनची सुई चालू केली, सकाळ-संध्याकाळ. मी होतो बरोबर. "साखर बंद," डॉक्टर म्हणले, ते म्या ह्या कानांनी ऐकलं. मग नर्सबाई वैनीला सुई कशी द्यायची ते दाखवत बसली, लई वेळ कायकाय सांगत होती. मी तेवढ्यात बाहेर चहा पिऊन आलो.

वैनी म्हणजे शिवरंजनी, माझ्या थोरल्या भावाची, आण्णाची बायको. अव्वाची सुई तिच्या हातात आहे, आणि मी इतक्या लांब.

२० जुलै, रविवार

आण्णाला फोन लावला. म्हणलं, घरातली साखर, गूळ, काकवी, सगळं बाहेर काढ. डोळ्याला दिसलं की अव्वा खाणारच. आण्णा म्हणला, "बरं." त्याचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. दिवसभर कॉम्प्रेसरच्या आवाजात राहून त्याला "बरं"च्या पलीकडं शब्दच आठवत नाही.

वैनीनं फोन घेतला. "भावजी, थोडी तरी ठेवावी लागती घरात."

"कशाला? तुमच्या चहाला?"

"न्हाय. अव्वासाठीच. कधी सुई जास्त झाली का—"

"साखरेच्या पेशंटला साखर? काय बोलताय वैनी! विष ठेवा मग घरात."

ती म्हणली, "चहा मी तसाबी बिनसाखरेचा पिते आता." टोमणाच तो. म्या फोन ठेवला.

संध्याकाळी आण्णाचा फोन, सगळं काढलं म्हणून. बरं वाटलं. इतक्या लांबून का होईना, मी काहीतरी केलं.

२६ जुलै, शनिवार

श्रावण लागला. अव्वाची पूजा आता लांबणार. आमच्यात गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याबिगर तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत, निदान अव्वा तरी घेत नाही. बाकीच्या दिवसांत अर्ध्या तासात उरकते, श्रावणात दीड-दीड तास बसते.

सकाळी तिचा फोन. "यप्पा, तुझी वैनी सुई वेळेवर देत न्हाय. सहाची सुई साडेसातला देती. म्हणती, आधी पूजा करा. मी सहाला दंड उघडा करून बसते, आन ही मला पूजेला ढकलती."

औषधाची वेळ म्हणजे वेळ. इथं आमच्या पंपाला पाच मिनिटं उशीर झाला तर सुपरवायझर आईवरून शिवी देतो. वैनीला विचारलं.

"भावजी, सुई दिली का अर्ध्या तासात जेवावं लागतं. अव्वा पूजेशिवाय खात न्हाईत. मग मी सुईच मागं सारली. त्यात काय चुकलं?"

"तुम्ही डॉक्टर हाय का?"

"न्हाय."

"मग सहा म्हणजे सहा. पूजा लवकर उरका म्हणावं."

ती हसली. "तुम्हीच म्हणा की. मला न्हाय जमत महादेवाला घाई करायला."

म्या माझ्या मोबाईलला सहाचा गजर लावला. रोज सहाला फोन करणार आणि सुई झाली का ते अव्वाच्या तोंडून ऐकणार.

२९ जुलै, मंगळवार

आज जीवाला लई लागलं. साडेसातला काम उरकत आलं होतं, हात ओला होता, तेवढ्यात अव्वाचा फोन. आवाजच तिचा नव्हता. जड, खरवडल्यासारखा. "मला कोंडून घातलंय," म्हणली. "सगळे चोर हाय. तू पण चोर." म्या म्हणलं, अव्वा, नंदीश बोलतोय. तर ती म्हणली, "गुंडप्पा, मला घेऊन जावा इथनं."

गुंडप्पा म्हणजे माझे अप्पा. जाऊन सहा वर्षं झाली. अव्वानं जन्मात कधी नवऱ्याचं नाव तोंडातनं काढलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा लाजायची. आज सरळ नाव घेतलं. किती छळ सोसत असंल तेव्हा तिला मेलेल्या माणसाला हाक मारावी वाटत असंल.

मग फोन पडल्याचा आवाज, आणि वैनीचा आवाज लांबनं, "अव्वा, तीर्थ घ्या, एवढं तीर्थ घ्या." फोन कट.

अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा फोन आला. आता लोण्यासारखा मऊ आवाज. "जेवलास का रं नंद्या? लई ऊन हाय का तिकडं?" मगाशी काय झालं विचारलं तर म्हणते, "मगाशी? म्या कुठं फोन केला?"

कळलं मला. वैनी जवळ उभी असणार. म्हणून गोड बोलली.

२ ऑगस्ट, शनिवार

सापडली चोरी. अव्वाला ज्वारीच्या कणगीमागं पुडकं सापडलं. फडक्यात बांधलेली किलोभर साखर. घरात साखर बंद केली, आणि सून कणगीमागं लपवून खाते!

आण्णाला म्हणलं, आत्ताच्या आत्ता गटारीत टाक. तो म्हणला, "बरं." मग कधी नाही ते पुढं बोलला, "नंद्या, ती खात न्हाय रं. तिचं काय ते म्हणणं हाय..." म्या म्हणलं, बायकोची बाजू घे तू. आईची बाजू घ्यायला मी आहे.

वैनी फोनवर आली नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

श्रावणी सोमवार. सकाळी आठला फोन केला तर अव्वा रडत होती. "मला धरलं रं तिनं. मनगट धरलं, तोंडात कायतरी घातलं. पूजा व्हायच्या आधी! माझा नेम मोडला. मनगट बघ, काळंनिळं झालंय." फोनमधनं मनगट कसं बघू? पण मला दिसलं.

म्हणलं, फोन स्पीकरवर टाका, सगळ्यांना ऐकू द्या. अंगणात शेजारची रजियाबी होती, पाण्याला आलेल्या दोन-तीन बाया होत्या, मला त्यांची कुजबुज ऐकू येत होती. म्या म्हणलं, "वैनी, माझ्या आईला मारायला आणलीय का तुम्हाला ह्या घरात? पुन्हा तिला हात लावला तर जळकोटात पाय ठेवू द्यायचा न्हाय. जावा तुमच्या माहेराला, बेंबळीला."

एक कोंबडी ओरडत होती तेवढीच.

मग वैनीचा आवाज आला, शांत. "बोलून झालं का, भावजी?"

६ ऑगस्ट, बुधवार

वैनी माहेरी गेली. जाताना आण्णाला सुई शिकवून गेली म्हणे, कुठपर्यंत ओढायची तिथं नेलपॉलिशची रेघ मारून दिली. चांगलं झालं. आता सहाला आण्णा सुई देतो आणि दुकानाला जातो. सगळं वेळेवर.

अमरसिंहाला सांगितलं. त्यानं बिडी विझवली आणि म्हणाला, "मैंने तेरी माँ की बात सुनी, तेरी बात सुनी. भाभी की नहीं सुनी." एवढंच. चार वाक्यांतली दोन माझ्यावर खर्च केली.

९ ऑगस्ट, शनिवार

अव्वा न्हाणीत पडली. लागलं नाही, पण आण्णा म्हणतो, दुपारी येऊन बघितलं तर नुसती बसून होती, लुगडं घामानं चिंब, आणि ह्याला ओळखेना. मग ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तेव्हा ताळ्यावर आली.

बारीक झाली असंल. सुनेच्या जाण्याचं पण लागतंच माणसाला. कंपनीवाले रजा नाही देत म्हणले. म्या म्हणलं, नका देऊ. निघालो.

१४ ऑगस्ट, गुरुवार. जळकोट.

काल सोलापूरला उतरून एसटीनं आलो. अव्वानं तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. सुरकुत्या वाढल्यात. घरात मुंगीला सापडंल एवढीसुद्धा साखर नाही. चहा काढ्यासारखा लागतो, तरी पितो.

सुई आता मी देतो. औषधाची बाटली रजियाबीच्या फ्रिजमधे असते, आमच्याकडं फ्रिज नाही. पावणेसहाला तिचं दार वाजवतो. ती डोळे चोळत येते. "क्या रे नंदीश, सूरज को तू उठाता क्या?" मला बघून हसते, पण नेहमीसारखी नाही. तिचे मालक चाँदपाशाचाचा खाटेवर बसून असतात, ते तर बोलतच नाहीत. स्पीकरवर सगळं ऐकलंय ना त्यांनी.

१७ ऑगस्ट, रविवार

अव्वाची पूजा रोज बघतोय. आज तर मीच हात जोडले. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर बेलपान, नजर एकटक. हाक मारली तर ऐकू येईना. कपाळावर घामाचे थेंब, ओठ हलतायत पण आवाज नाही. एवढं रंगून जाणं मी कुठं बघितलं नाही. असं वाटलं, अव्वा आता आपल्यात नाही, शिवापाशी पोचली. मी दाराबाहेर बसून राहिलो, मोडलं नाही.

उठल्यावर मात्र दगडासारखी झोपली. डोकं दुखतंय म्हणली.

रात्री भावकीत बारसं होतं. गव्हाची हुग्गी केली होती, गूळ पाण्यासारखा ओतलेला. मी पंगतीला वाढत होतो, तेवढ्यात अव्वानं दोन वाट्या खाल्ल्या. लई बोललो. "उद्या साखर डोक्यात जाईल तेव्हा कळंल." ती लेकरासारखी म्हणली, "यप्पा, श्रावणात एकदा."

१८ ऑगस्ट, सोमवार

सगळं लिहून काढतो. नाही लिहिलं तर झोप येणार नाही.

सहाला सुई दिली. आण्णा दुकानाला गेला. शेवटचा श्रावणी सोमवार, अव्वा एकशे आठ बेलपानं मोजून घेऊन बसली. मी भाकरी टाकायला चूल पेटवली. साडेसात झाले, पूजा चालूच. आत डोकावलो तर कालच्यासारखंच, नजर एकटक, घाम. म्हणलं, रंगलीय.

मग बघतो तर तळहात थरथरतोय. बेलपानं गळून मांडीवर पडली. आणि लिंग घरंगळलं.

आमच्यात लिंग भुईला लागणं म्हणजे काय, ते आमच्यातल्यालाच कळंल. मी झेप घेतली. लिंग माझ्या उजव्या हातात आलं, आणि अव्वा डाव्या अंगाला कलंडली. भुईला डोकं लागायच्या आत म्या खांदा दिला. अंग बर्फ. लुगडं ओलं गच्च. म्हणलं, अव्वा, अव्वा. ती माझ्याकडं बघून म्हणली, "कोण रे तू? दार लाव, चोर आलेत."

माझ्या डोक्यात एकच आलं. हुग्गी. रात्रीची हुग्गी डोक्यात गेली, साखर वाढली. अजून एक सुई द्यायला पाहिजे, मोठी.

लिंग वस्त्रात बांधून तिच्या गळ्यात घातलं, तिला भिंतीला टेकवलं आणि रजियाबीकडं पळालो. फ्रिज उघडला, बाटली काढली. पण जास्तीची किती ओढायची ते माहीत नव्हतं. नेलपॉलिशची रेघ एकच. आण्णाला फोन लावला, उचलंना. त्याला कॉम्प्रेसरपुढं कुठं ऐकू येतंय. जगात आणखी एकाच माणसाला माहीत होतं.

वैनीनं पहिल्या रिंगला उचलला. "काय झालं अव्वाला?" माझं नावसुद्धा नाही, आधी हेच.

"साखर वाढलीय वैनी, बडबडतीय, ओळखंना. सुई किती देऊ? अजून किती देऊ?"

"सकाळची दिली का?"

"सहाला."

"जेवल्या का?"

"पूजा चाललीय."

"घाम हाय का? हात गार हाय का?"

"व्हय, भिजलीय सगळी—"

"भावजी, हातातली बाटली खाली ठेवा."

मी ठेवली नाही. "अवं काल हुग्गी खाल्लीय तिनं—"

"बाटली ठेवा म्हणते ना! सुई दिली तर अव्वा जाईल. साखर वाढली न्हाय, उतरलीय. साखर द्या तिला. साखर!"

"साखर मोजायचं मशीन लावून बघू का आधी?"

"तुम्हाला लावता येतं का? न्हाय ना? मग आधी साखर. वाढलेली असली तर एका पेल्यानं काय व्हत न्हाय. उतरलेली असली आन तुम्ही मशीन हुडकत बसला, तर..." ती थांबली. "जा."

आणि मी त्या फ्रिजपुढं उभा. म्हणलं, "वैनी, घरात साखर न्हाय."

तिकडून काही आवाज आला नाही. मला वाटतं तेवढाच वेळ ती माझ्यावर रागावली. मग म्हणली, "रजियाबीला फोन द्या."

द्यावा लागलाच नाही. रजियाबीनं सगळं ऐकलं होतं. तिनं फ्रिजच्या वरचा डबा खाली घेतला, त्यातनं फडक्यातलं पुडकं काढलं आणि माझ्या छातीवर आपटलं. "ले. तेरी भाभी मेरेकने रखके गई. जाते वक्त इत्ती रोई, पर ये नहीं भूली. बोली, रजियाबी, कबी बी लगेगी."

फडकं ओळखीचं होतं. वैनीच्या जुन्या पातळाचं. कणगीमागचं पुडकं असल्याच फडक्याचं होतं, अव्वानं फोनवर सांगितलं होतं, हिरव्या काठाचं.

पळालो. रजियाबी माझ्यामागं, फोन तिच्या हातात, स्पीकरवर.

"जागी हाय का? विचारलं तर बोलती का?" वैनी.

"बोलती. शिव्या देती."

"मग गिळंल. शिव्या देती तवर देव पावला. बसती करा. चार चमचे साखर, अर्धा पेला पाणी. ओतू नका घशात, घोट-घोट द्या. डोळे मिटले, गिळंना झाली, तर एक थेंब घालू नका तोंडात, छातीत जातंय. कुशीवर वळवायचं आन ॲम्ब्युलन्सच्या एकशे आठला फोन करायचा."

पेला केला. अव्वानं दात आवळले. मला ढकलून दिलं. केवढी ताकद, त्या हाडाच्या हातात! "पूजा व्हायचीय माझी. नेम मोडतोस? भाड्या!" मी तिचं मनगट धरलं. आणि धरल्यावर मला माझा हात दिसला. ह्याच मनगटाला ह्याच जागी वैनीनं धरलं असणार.

फोनमधनं आवाज आला, हळू. "भावजी, सोडा हात. पेला लिंगाला दाखवा. तीर्थ म्हणा. तीर्थाला न्हाय म्हणत न्हाईत त्या."

म्या तिच्या गळ्यातल्या वस्त्राला पेला टेकवला. म्हणलं, "अव्वा, तीर्थ."

तिनं हाताची ओंजळ पुढं केली. सवयीनं. मी ओंजळीत थोडं थोडं ओतत गेलो, ती पीत गेली, कपाळाला हात पुसत गेली.

"आता थांबा," वैनी म्हणली. "पंधरा मिनिटं. गडबड करायची न्हाय. फरक न्हाय पडला तर पुन्हा तेवढंच."

रजियाबी अव्वाच्या पाठीला टेका देऊन बसली. मी पुढं. चुलीवरची भाकरी जळून कोळसा झाली, कुणी उठलं नाही. वैनी फोनवरच होती, तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. पंधरा मिनिटं एवढी लांब असतात हे मला वाळवंटातसुद्धा कळलं नव्हतं.

थोड्या वेळानं अव्वाच्या कपाळावरचा घाम वाळला. तिनं इकडं-तिकडं बघितलं. रजियाबीला बघून पदर सारखा केला. मग माझ्याकडं बघून, एकदम मऊ आवाजात म्हणली, "जेवलास का रं नंद्या?"

हाच आवाज. हाच तो दुसरा फोन.

वैनी म्हणली, "आता भाकरी-दूध द्या त्यांना, नुसत्या साखरेवर ठेवू नका." आणि तिनं फोन ठेवला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अव्वाला नळदुर्गला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी सुई थोडी उतरवली. वेळेचं विचारलं, म्या सहाचं सांगितलं. ते म्हणले, "सहाला कुणी सांगितलं? जेवणाआधी म्हणलं होतं मी. घड्याळाला जेवण लागत नाही, माणसाला लागतं. ती बाई यायची ना बरोबर, तिला सगळं माहीत आहे. कुठं आहे ती?"

आण्णानं माझ्याकडं बघितलं.

येताना पाच किलो साखर घेतली. अव्वा एसटीत म्हणली, "एवढी कशाला? कुणाचं लगीन हाय?"

२१ ऑगस्ट, गुरुवार

बेंबळीला गेलो. वैनीची आई इरम्मा ओसरीत शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणली, "या. साखर न्यायला आला का सुई द्यायला?"

बसलो. पाणी दिलं, चहा दिला. साखर एवढी घातली होती की घोट जाईना. मुकाट्यानं प्यालो.

वैनी दारात उभी होती. म्या म्हणलं, चुकलो. जे जमलं ते बोललो. म्हणलं, वैनी, तुम्ही आधीच का नाही सांगितलं नीट?

"सांगितलं," ती म्हणली. "दोनदा सांगितलं, भावजी. एकदा तुम्ही फोन ठेवला, एकदा 'डॉक्टर हाय का' म्हणलात."

मी खाली बघितलं.

"आन त्या दिवशी मनगट धरलं व्हतं मी. धरलं व्हतंच. त्या ऐकंनात, ओंजळ पण करंनात, घामानं डबडबल्या. धरलं न्हाय तर गेल्या असत्या. पण अव्वा खोटं बोलल्या न्हाईत तुमच्याशी. त्या वक्ताला त्यांना खरंच तसं दिसतं. त्यांना बोलू नका."

मला वाटलं होतं, ती रडंल नाहीतर शिव्या देईल. ती शेंगाची टरफलं गोळा करत होती.

"येते मी," म्हणली. "अव्वासाठी येते. पण स्पीकरवर बोललात ना? जिथं बायांनी ते ऐकलं तिथंच त्यांना आता खरं ऐकू दे. आन पुन्हा मला फोन करायचा न्हाय. सुईचं मी आन डॉक्टर बघू."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळच्या पहिल्या एसटीनं वैनी आली, आणि बाया पाण्याला आल्या तेव्हा मी अंगणात उभा राहिलो. फोनवर जीभ कशी चालते, माणसांपुढं चालंना. म्हणलं, वैनीनं अव्वाला मारलं नव्हतं, वाचवलं होतं. मारत मी होतो. एवढंच आलं. चाँदपाशाचाचा म्हणले, "जोर से बोल, उस दिन तो पूरे गल्ली ने सुना." म्या पुन्हा बोललो, जोरात.

अव्वा जोत्यावर बसून बघत होती. तिला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. म्हणते, "पोरगं असं का वरडतंय?"

वैनीनं आत जाऊन पहिल्यांदा घड्याळ बघितलं, मग पूजेचा पाट मांडला. म्हणली, "बसा अव्वा. सुई मग." आणि पदराच्या टोकाला खडीसाखरेच्या पुड्या बांधल्या. एक स्वतःच्या, एक अव्वाच्या.

९ सप्टेंबर, मंगळवार. जैसलमेर.

परत आलो. काम गेलं नव्हतं, अमरसिंहानं सुपरवायझरला काय सांगितलं कुणास ठाऊक. सहाचा गजर काढून टाकला. सकाळी आता फोन करत नाही. नुसतं मनात वाजतं.

आज संध्याकाळी प्लेटांच्या सावलीत बसलो होतो. अव्वाचा फोन आला. "तुझी वैनी," म्हणली, "सुई वेळेवर देत न्हाय. सगळं लपवून ठेवती. चोर हाय ती. तुम्ही सगळे..."

शब्द जड येत होते. एक शब्द, मग भोक, मग दुसरा शब्द.

पूर्वी म्या काय केलं असतं ते मला माहीत आहे. म्हणलं, "अव्वा, फोन वैनीकडं दे." ती देईना. शिव्या द्यायला लागली. फोन कट केला आणि वैनीचा नंबर लावला. पुन्हा फोन करायचा न्हाय म्हणली होती ती. आल्यापासून म्या एकदाही लावला नव्हता.

पहिल्या रिंगला उचलला.

"वैनी, अव्वा—"

"बघितलं. मशीन लावलंय. साखर छप्पनवर आलीय. तीर्थ देतीय. ठेवा फोन."

ठेवला.

अमरसिंह बाजूला येऊन बसला. काय झालं विचारलं नाही. त्यानं बिडी पेटवली, माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं, आणि तोही त्या फोनकडं बघत राहिला. ऊन उतरत होतं, प्लेटा एकेक करून विझत होत्या. इथनं जळकोट किती लांब आहे, ह्याचा विचार करू नये म्हणून मी समोरच्या ओळीतल्या प्लेटांवरची धूळ बघत बसलो. ती धूळ उद्या आम्हीच काढणार. कुणी सांगावं, आज जमलं, उद्या जमंल का. वैनी झोपली असंल, पाण्याला गेली असंल, अव्वानं ओंजळ केलीच नाही, तर?

फोन वाजला.

"जेवलास का रं नंद्या?"

म्या फोन कानाला घट्ट धरला.

"अरं बोल की. सकाळपासनं तुझा आवाज ऐकला न्हाय म्हणून फोन केला."

"जेवतो अव्वा," म्हणलं. "तू जेव आधी. वैनी भाकरी देती ती खा."

"देती की. बसलीय इथंच, पेला घेऊन," अव्वा म्हणली. आणि मग आवाज बारीक करून, "लई दमली दिसती रं पोरगी. काय झालंय तिला कुणास ठाऊक."